पट्टा ताणलाय

गेल्या गौरी-गणपतीतली गोष्ट. गौरी आवाहनाच्या दिवशी सकाळी मी पूजेची तयारी करत होते आणि आबा सोप्यातल्या खुर्चीत बसून पायजम्याची नाडी ओढत होते. "पट्टा लई ताणलाय. सैल कर की." मी नाडी सैल केली. पाच मिनिटांनी परत तेच. परत सैल केली. तिसऱ्या वेळी मी जरा चिडूनच म्हणाले, "आबा, आता सुटून पडंल की!" ते गप्प बसले. चहा तसाच राहिला. कपाळावर घाम दिसत होता, तो मी उकाड्याचा समजले.

दहाच्या सुमाराला त्यांना उलटी झाली, ओठ पांढरे पडले, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी रिक्षा आणली. म्हणजे पहिल्यांदा 'पट्टा' म्हटल्यापासून तीन तास गेले होते. ते तीन तास मी अजून विसरलेले नाही.

आबांनी चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, चालवला. पट्टा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर मोटरचा पट्टा येतो. तो फार ताणला की बेअरिंगवर लोड येतो, मशीनचा आवाज बदलतो, हे मी लहानपणापासून ऐकलंय. त्यांच्या छातीत आवळत होतं आणि त्यासाठी त्यांच्याजवळ उरलेला शब्द तोच होता. अल्झायमरचं निदान होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. 'छाती', 'दुखतंय' हे शब्द निसटले होते, कारखान्यातले शाबूत होते. हे माझ्या डोक्यात शिरलं ते दुपारी, दवाखान्याच्या जिन्यात बसल्यावर.

डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, असलेला माणूस छातीवर हात ठेवून 'दुखतंय' म्हणेलच असं नाही. धाप लागते, घाम येतो, मळमळतं, जेवण नको होतं, माणूस पडतो, किंवा नुसता नेहमीपेक्षा जास्त गोंधळतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की एका सकाळीत वागणं बदललं तर ईसीजी काढून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिल्या दवाखान्यात (नाव लिहीत नाही) ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ईसीजी बघितला, रक्त घेतलं, मग जुनी फाइल उघडली. फाइलवर डिमेन्शिया दिसल्यावर त्यांचा सूरच बदलला. "या वयात, या अवस्थेत अँजिओग्राफी वगैरे कशाला? औषधांवर ठेवू." अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत एक्स-रेत दिसणारा रंग, डाय, सोडून त्या कुठं अरुंद झाल्यात ते बघणं. आबा समोर कॉटवर होते, पण त्यांच्याकडे एकदाही न बघता हे बोलणं झालं. कदाचित सल्ला बरोबरही असेल. पण तो आबांकडे बघून दिला नव्हता, फाइलवरच्या एका शब्दाकडे बघून दिला होता. दादा पुण्याहून फोनवर दुसरंच बोलत होता, "जे काय असंल ते सगळं करा, पैशाचं मी बघतो." त्यालाही आबा दिसत नव्हते.

दुपारी आम्ही दुसरीकडे हलवलं. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञ मॅडम स्टूल ओढून बसल्या आणि आधी मलाच प्रश्न विचारत गेल्या. कालपर्यंत चालत होते का? हातानं जेवतात का? तुम्हाला ओळखतात का? पडलेत का कधी? काय केलं की खूश होतात? मी सांगितलं, रोज सकाळी माझ्याबरोबर रंकाळ्यापर्यंत चालतात. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही, पण माझा हात सोडत नाहीत. शनिवारी त्यांच्या जुन्या शागिर्दाच्या वर्कशॉपमध्ये नेऊन बसवते, तिथं नट-बोल्ट मापाप्रमाणं वेगळे करत दोन तास बसतात, एक माप चुकत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं. कुठल्याही डॉक्टरनं नट-बोल्टचं लिहून घेतलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मग त्यांनी समजावलं. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असती तर ईसीजीतला एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसला असता. तिथं मिनिटं मोजायची असतात. ताबडतोब अँजिओप्लास्टी, म्हणजे बारीक फुग्यानं बंद वाहिनी उघडणं, आणि ती सोय जवळ नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, तेही पहिल्या बारा तासांत, जितकं लवकर तितकं चांगलं. आबांचं तसं नव्हतं. वाहिनी अरुंद झाली होती, रक्तातलं ट्रोपोनिन वाढलं होतं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली होती, पण विचार करायला थोडा वेळ होता. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं, म्हणजे रक्तात गुठळी होऊ नये आणि कोलेस्टेरॉल उतरावं यासाठीची औषधं, लगेच सुरू झाली.

विचार कशाचा करायचा, ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. २०२४ साली ब्रिटनमधल्या सीनियर-रीटा नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. अशाच प्रकारचा अटॅक आलेले ७५ किंवा त्याहून जास्त वयाचे १५१८ रुग्ण, सरासरी वय ८२, थकलेली-खंगलेली माणसंही त्यात घेतलेली. निम्म्यांना नुसती औषधं, निम्म्यांना औषधांबरोबर अँजिओग्राफी आणि गरज पडली तर स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी. साधारण चार वर्षांनी हृदयविकारानं मृत्यू किंवा पुन्हा अटॅक, दोन्ही मिळून बघितलं तर अँजिओग्राफीवाल्यांत २५.६ टक्के, औषधांवाल्यांत २६.३ टक्के. फरक नसल्यासारखाच. फक्त जिवावर न बेतलेला दुसरा अटॅक अँजिओग्राफीवाल्यांत कमी, ११.७ टक्के, औषधांवाल्यांत १५. "म्हणून आज मी थांबा म्हणते," मॅडम म्हणाल्या. "पण औषधं चालू असताना परत दुखलं, तर माझं मत बदलेल. आणि दुखतंय हे तुम्हीच मला सांगायचं, कारण ते सांगणार नाहीत." पट्ट्याची गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली. त्यांनी केसपेपरवर लाल पेनानं लिहिलं: 'पट्टा' म्हणाले तर छातीत दुखतंय असं समजावे.

पहिली रात्र वाईट गेली. हृदयरोग अतिदक्षता विभागात नातेवाइकांना थांबू देत नाहीत. चष्मा आणि कानातलं मशीन हरवू नये म्हणून माझ्याच पिशवीत दिलं होतं. रात्रभर दिवे, मॉनिटरचा आवाज, लघवीची नळी, हाताला सलाइन. पहाटे मला आत बोलावलं तेव्हा आबांचे दोन्ही मनगट बँडेजनं कॉटला बांधलेले होते. सलाइन दोनदा उपसलं होतं. आणि ते ओरडत होते, "मशीन बंद करा, जॉब खराब व्हायलाय!" मॉनिटरचा आवाज त्यांना कारखान्यात घेऊन गेला होता. जॉब म्हणजे लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, लावलेला लोखंडाचा तुकडा. माझ्या आबांचे हात बांधलेले बघणं मला आजही सहन होत नाही. ज्या हातांनी मला पहिल्यांदा सायकलवर बसवलं तेच ते हात.

याला, म्हणजे अशा अचानक येणाऱ्या भ्रमाला, डिलिरियम म्हणतात. काही तासांत चढतो, दिवसभरात कमी-जास्त होतो. डिमेन्शिया असलेल्यांना दवाखान्यात तो सहज होतो, आणि उतरला तरी पुष्कळदा माणूस आधीपेक्षा एक पायरी खाली गेलेला असतो. झोपेच्या आणि शांत करण्याच्या औषधांनी तो काहींचा वाढतोही, शिवाय हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून मॅडम ती द्यायला नाखूश होत्या. त्यांनी लेखी परवानगी देऊन मला कॉटशेजारी बसवलं. चष्मा लावला, कानातलं मशीन घातलं, लघवीची नळी काढायला लावली, कॉट खिडकीकडे वळवली. मॉनिटरचा आवाज कमी केला. बँडेज सोडलं. मी त्यांच्या हातात एक मोठा नट-बोल्ट दिला, वर्कशॉपमधून मागवलेला. दुपारपर्यंत ते फिरवत बसले आणि झोपले.

दुसऱ्या रात्री अडीच वाजता ते जागे झाले, नाभीकडे हात गेला. "पट्टा." मी सिस्टरना हाक मारली. ईसीजी बदलला होता. सहा वाजता मॅडम आल्या, म्हणाल्या, आता करू.

अँजिओग्राफी मनगटातून करायचं ठरलं, म्हणजे नंतर पाय सरळ ठेवून तासन्‌तास पडून राहावं लागत नाही. किडनीची तपासणी बघून डाय शक्य तितका कमी वापरायचा. गुंगी अगदी थोडी. खरी भीती हलण्याची होती. मला काचेपलीकडच्या खोलीत माईकजवळ उभं केलं. आत आबा टेबलावर उठायला बघत होते. मी म्हणाले, "आबा, जॉब चकमध्ये लावलाय. फायनल कट चाललाय. हात हलवायचा न्हाई." त्यांनी मान खाली टेकली. पाऊण तास हलले नाहीत. एक स्टेंट बसला.

तिसऱ्या दिवशी नाडीचे ठोके मिनिटाला ४४ वर आले. डिमेन्शियासाठी ते डोनेपेझिल घेतात, त्यानं ठोके मंदावू शकतात, आणि अटॅकनंतर दिलेल्या मेटोप्रोलॉलनंही मंदावतात. दोन्ही एकत्र आलं होतं. मेटोप्रोलॉल बंद केल्यावर नाडी साठावर आली. तेव्हापासून त्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवते. मेंदूचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, दोघांची चिठ्ठी एका कागदावर फक्त आपणच आणू शकतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. निदान झालं त्या वर्षी आबा नीट बोलत होते. तेव्हा त्यांना विचारता आलं असतं, पुढं असं काही झालं तर तुम्हाला काय हवं? आम्ही विषयच काढला नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे पुढं बोलता येणार नाही तेव्हा कुठले उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. मी माझं करून ठेवलंय. आबांच्या वतीनं मात्र आम्ही अंदाजच केला. बरोबर केला का, हे ते कधी सांगू शकणार नाहीत.

आता रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यामुळे पडू नयेत म्हणून सोप्याच्या पायरीला कठडा बसवला. दाढीला वस्तऱ्याऐवजी इलेक्ट्रिक मशीन आणलं. रंकाळ्यापर्यंत जाणं होत नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. शनिवारचं वर्कशॉप चालू आहे.

परवा दुपारी मी शिवत बसले होते. आबा शेजारी होते. एकदम म्हणाले, "पट्टा." माझ्या हातातली कात्री खाली पडली. नाडी बघितली, कपाळ बघितलं, घाम नव्हता. "कुठं दुखतंय आबा?" त्यांनी माझा हात बाजूला केला, खाली वाकले आणि माझ्या शिलाई मशीनचा पट्टा अंगठ्यानं दाबून दाखवला. खरंच सैल झाला होता.