परत वाच

३ जानेवारी

नवीन वर्षाचं पान आखायला आज यादीची वही काढली. वाचून झालेल्या पुस्तकांची नोंद मी सहा वर्षं ठेवतेय: क्रमांक, नाव, लेखक, संपवल्याची तारीख. शेवटचा आकडा २१४. पानं चाळताना १३७ वर थांबले. कादंबरी आहे. नाव माझ्याच अक्षरात, तारीखही आहे. पण आत काय होतं ते काही केल्या आठवेना. एखादं पात्र, एखादा प्रसंग, गेला बाजार मुखपृष्ठाचा रंग, काहीच नाही.

मग पेन्सिल घेऊन बसले. ज्या पुस्तकातलं निदान एक वाक्य किंवा एक माणूस अजून मनात आहे, त्याच्यापुढे बारीक टिंब द्यायचं. दोन तास गेले. टिंबं भरली ६१.

जीव खट्टू झाला. इतक्या रात्री जागून वाचलेलं गेलं कुठे? पण थोड्या वेळाने त्या ६१ नावांकडेच नीट पाहिलं. चौदा पुस्तकं मी दोनदा वाचली आहेत. बऱ्याचशांवर कुणाशी ना कुणाशी तासन्‌तास बोलले आहे. काहींमधले उतारे उतरवून घेतलेत. तीन तापात पडून, पान पान करत वाचलेली. एकही पुस्तक भराभर संपवलेलं म्हणून लक्षात राहिलेलं नाही.

या वर्षी क्रमांकाचा रकाना नाही. प्रत्येक पुस्तकाला एक अख्खं कोरं पान, एवढंच ठरवलं.

११ जानेवारी

आज ग्रंथालयात जाऊन आले. एरवी मी घरूनच पुस्तकाचं नाव ठरवून जाते, देवघेवीच्या टेबलावर विचारते आणि पाच मिनिटांत बाहेर पडते. आज तासभर नुसती फडताळांमधून फिरले.

पुस्तकांच्या कण्यावरचे आकडे इतकी वर्षं पाहत आले, पण ते कधी वाचले नव्हते. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये ही दशांश पद्धत मांडली: सगळं ज्ञान दहा वर्गांत, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा, आणि पुढे दशांशचिन्ह देऊन हवं तितकं बारीक. ८०० म्हणजे साहित्य. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, आणि त्यापुढे १ लागला की मराठी कविता. ५९८ ला पक्षी, ५९९ ला सस्तन प्राणी. त्यामुळे तुम्ही पक्ष्यांचं एक पुस्तक शोधायला गेलात की पक्ष्यांची सगळी पुस्तकं खांद्याला खांदा लावून तिथेच उभी असतात. यादीत नाव शोधणाऱ्याला हवं ते मिळतं. पण आपल्याला हवं आहे हेच ज्याचं आपल्याला माहीत नव्हतं, ते शेजारी मिळतं. मला आता वाटतं, ग्रंथालयात जाण्याचं अर्धं कारण हा शेजार आहे.

हे फडताळांमधून हिंडणंही आपल्याला फुकटात मिळालेलं नाही. पूर्वी पुस्तकं बंद कपाटांत असत. नाव सांगायचं, कोणीतरी आत जाऊन आणून द्यायचं. ब्रिटनमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांत मुक्तद्वार पद्धत पहिल्यांदा आली ती १८९४ मध्ये, लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये. जेम्स डफ ब्राऊन या ग्रंथपालाने ती आणली. मला हे फार जवळचं वाटतं, कारण माझ्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट कुलपात असायचं आणि काचेतून फक्त कणे दिसायचे. सातवीत असताना त्यातल्या एका निळ्या पुस्तकावर माझा जीव होता. वर्षभर मागितलं. किल्ली कधी सापडली नाही. ते कशाचं पुस्तक होतं हे मला आजही माहीत नाही.

८९१.४६१ पाशी आल्यावर पाय थांबले. शाळा सुटल्यापासून मी या फडताळाकडे फिरकले नव्हते. एक अगदी बारीक संग्रह दोन जाड पुस्तकांमध्ये दबून गेला होता. आतली तारखांची चिठ्ठी पाहिली. शेवटचा शिक्का १९ ऑगस्ट २००९ चा.

टेबलावर ग्रंथपाल म्हणाल्या, "ताई, न्याच तुम्ही हे. जागा कमी पडली की वर्षानुवर्षं न हललेली पुस्तकं आधी काढायला घेतात. एक नोंद झाली तरी ते वाचतं." त्यांनी आणखी एक सांगितलं: इथेच बसून वाचलेलं पुस्तक आपण होऊन फडताळात ठेवू नका, टेबलावर ठेवा. कारण त्याचीही नोंद होते, आणि चुकून भलत्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं.

शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असं सांगतो, तर तिसरा प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. दुसरा कुणालाही सुचला असता. तिसऱ्यात त्या माणसाचं मन दिसतं. पुस्तकही वाट पाहत असतं, हे त्याने नियम म्हणून लिहून ठेवलं.

१८ जानेवारी

संग्रह रोज एक कविता असा वाचायचा ठरवला होता. चार दिवसांत अकरा झाल्या. पुन्हा तीच घाई. आजपासून कविता उतरवून काढायची. हाताला डोळ्याएवढी घाई करताच येत नाही.

२० जानेवारी

हे आज सविस्तर लिहून ठेवायलाच हवं.

संध्याकाळी तळ्याकाठी बसलेल्या एका बाईची आठ ओळींची कविता आहे. परवा वाचली तेव्हा ‘छान आहे’ म्हणून पान उलटलं होतं. आज उतरवली. मग पुस्तकाशी ताडून पाहिली, तर एका ठिकाणी माझ्या वहीत ‘पाणी’ होतं आणि छापील ओळीत ‘जळ’. डोळ्यांनी जळ वाचलं, हाताने पाणी लिहिलं. अर्थ तोच म्हणून खाडाखोड करायला पेन उचललं आणि तसंच धरून राहिले.

अर्थ तोच नाही. पाणी विझवतं. ‘जळ’ म्हणजे पाणी, आणि ‘जळ’ म्हणजे पेट. त्या बाईच्या मनात काय चाललंय याबद्दल कवितेत एक अक्षर नाही. ती नुसती बसलेली आहे, समोर तळं आहे. पण ओळीच्या टोकाला तो दोन अक्षरी शब्द आहे, आणि तो शांतही आहे आणि पेटलेलाही. शिवाय त्यातला ‘ळ’. ‘पाणी’ म्हणताना तोंड मोकळं राहतं. ‘जळ’ म्हणताना जीभ वर वळते आणि शब्द तिथेच अडतो, गिळल्यासारखा. मी खोलीत एकटीच तो शब्द सात-आठ वेळा म्हणत होते.

परवा ही कविता मी वाचली होती असं कसं म्हणू?

२ फेब्रुवारी

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. काही दिवस वाचायचं नाही. तिला औषधापेक्षा हेच कठीण जाणार आहे. रात्री जेवणानंतर मी वाचून दाखवायचं ठरलं.

६ फेब्रुवारी

मला मोठ्याने वाचता येत नाही, असं चार दिवसांत कळलं. वाक्य कुठे संपतंय हे पाहायच्या आधीच मी सूर खाली आणते. संवाद आला की धावते. आई डोळे मिटून ऐकते आणि मध्येच हात वर करते.

आजच्या कथेत नवरा भांडून निघून जातो, त्या पानावर तिने थांबवलं.

"थांब. ते परत वाच."

"कोणतं गं?"

"तिने दाराचं काय केलं ते."

मी मागे गेले. "तो गेला आणि तिने दार लोटलं."

"हां. लोटलं," आई म्हणाली. "कडी नाही घातली बघ. येईल असं वाटतंय तिला."

ही कथा मी कॉलेजात वाचलेली. ६१ मध्ये तिचा संग्रह आहे, टिंब दिलेलं आहे. तरी दाराकडे माझं लक्ष कधीच गेलं नव्हतं. पुढची चार पानं मी वेगळ्याच आवाजात वाचली, कारण आता मलाही त्या दाराची काळजी लागली होती.

१५ फेब्रुवारी

आई ‘परत वाच’ म्हणते तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, गोष्ट पुढेच सरकत नाहीये. आता त्या दोन शब्दांची वाट पाहते.

खरं तर आपले डोळे हे न सांगताच करत असतात. वाचताना नजर ओळीवरून सरसर सरकते असं आपल्याला वाटतं, पण ती उड्या मारत जाते, आणि दोन उड्यांमध्ये साधारण पाव सेकंद थांबते. त्या थांब्यातच काय ते वाचलं जातं. आणि चांगल्या, सराईत वाचकाचीही दहातली एखादी उडी मागे असते. झरझर वाचायला शिकवणारे या मागे जाण्याला खोड म्हणतात. मला ते पटत नाही. काहीतरी निसटलं हे डोळ्याला आपल्या आधी कळतं आणि तो ते आणायला परत जातो, ही खोड नव्हे. मी मात्र सहा वर्षं त्याला पुढे ढकलत राहिले, आकडा वाढावा म्हणून.

१ मार्च

आईला डोळ्यांनी वाचायची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी तिने पुस्तक घेतलं, दोन पानं वाचली आणि माझ्याकडे दिलं. "तूच वाच. तुझ्या आवाजात बरं वाटतं." मग रात्रीचं वाचन बंद झालं नाही.

आज एक ओवीबद्ध उतारा घेतला. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. मनात वाचताना हा चौथा चरण म्हणजे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. मोठ्याने वाचताना कळलं की ती श्वास घ्यायची जागा आहे. चौथ्या चरणाशी मी थांबायची आणि त्या थांब्यात आई पुढच्या ओवीसाठी मान हलवायची. अर्धा तास आम्ही दोघी एका लयीत श्वास घेत होतो.

मोठ्याने वाचणं हीच एके काळी सर्रास रीत होती. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता, आवाज न काढता वाचत. ख्रिस्ती संत ऑगस्टीनला ते इतकं लक्षणीय वाटलं की त्याने लिहून ठेवलं. त्या काळच्या लॅटिन हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसे. आपल्या मोडी कागदांतही शब्द सुटे करत नसत, ओळ सलग धावायची. तसं लिहिलेलं उलगडायचं तर ते तोंडाने म्हणून पाहणं सोपं. मोडी शिकताना मी स्वतः हे अनुभवलंय: नुसतं बघून अक्षरांची गर्दी दिसते, पुटपुटायला लागलं की शब्द आपोआप सुटे होतात.

९ मार्च

एक जाडजूड चरित्र १२० पानांवर सोडलं. पूर्वी असं केलं की अपराधी वाटायचं, आणि वहीत नाव घालता यावं म्हणून मी रेटायची. आज त्याच्या कोऱ्या पानावर एक ओळ लिहिली, ‘आत्ता नको’, आणि पुस्तक ग्रंथालयाला परत केलं. त्याचा वाचक कोणीतरी वेगळा असेल, किंवा दहा वर्षांनंतरची मी.

२१ मार्च

आज जागतिक कविता दिन. १९९९ मध्ये युनेस्कोने तो ठरवला. संग्रहातली शेवटची कविता आज उतरवून झाली. एकूण ४३. दोनदा मुदत वाढवून घेतली, आता पुस्तक द्यायला हवं. वहीची चाळीस-एक पानं भरलीत. काही कवितांखाली एकच शब्द आहे, काहींखाली दोन-दोन पानं. सात कविता अजून अजिबात कळलेल्या नाहीत. त्यांच्यापुढे टिंब न देता नुसती जागा सोडली आहे.

आईला विचारलं, कोणती वाचू?

"तळ्याची."

वाचली. ‘जळ’वर थांबले. तिने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "परत वाच."

२३ मार्च

संग्रह परत केला. २००९ च्या शिक्क्याखाली आता या वर्षीचे तीन शिक्के आहेत.

१८ एप्रिल

त्या सातांपैकी एक कविता आज सकाळी अंगणात उभी असताना अचानक उलगडली. म्हणजे तिची तिसरी ओळ मला आठवली आणि तिचा रोख कुणाकडे आहे ते लख्ख कळलं. वहीत होतीच, पण मला ती त्याच पानावर, त्याच टायपात पाहायची होती. संध्याकाळी ग्रंथालयात गेले. ८९१.४६१. आता रस्ता पाठ झालाय.

जागा रिकामी होती. आधी वाटलं, कुणी भलतीकडे ठेवलं असेल. वरच्या-खालच्या दोन्ही ओळी तपासल्या. मग टेबलावर विचारलं. त्यांनी नोंद पाहिली. "गेलंय ना. परवाच नेलं."

परत फडताळाशी आले. मधला आधार गेल्यामुळे डावीकडचं जाड पुस्तक तिरकं होऊन शेजारच्यावर रेललं होतं. ते नाव मी याआधी कधी ऐकलेलं नाही. चिठ्ठीवरचा शेवटचा शिक्का २०११ चा. ते काढलं आणि देवघेवीच्या टेबलाकडे गेले.