वाडे, साहेब आणि आमचे इतिहासाचे सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत सगळे स्नेहसंमेलन आणि छड्यांबद्दल लिहिणार हे माहितीये, म्हणून मी आपलं इतिहासाच्या सरांबद्दल लिहितो.

पुस्तकात कसं, खडकीची लढाई झाली, 17 नोव्हेंबर 1817 ला पुण्याच्या शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला की धडा खलास. सरांचा धडा तिथून सुरू व्हायचा. "दुसरे बाजीराव आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेले, पण एवढाले वाडे रिकामे पडले त्यांचं काय झालं रे?" कुणालाच माहीत नसायचं, कारण ते परीक्षेत येत नाही ना!

मग कळलं की शनिवारवाड्यात साहेबाने तुरुंग घातला, दवाखाना घातला, वेड्यांचं इस्पितळसुद्धा. 1828 च्या फेब्रुवारीत आग लागली ती म्हणे आठवडाभर धुमसत होती, आतलं सगळं गेलं, राहिले तट आणि दरवाजे, आणि पुढे कित्येक वर्षं वाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भाजीबाजार भरायचा, मंडईची इमारत 1886 मध्ये झाली तेव्हा कुठे तो हलला.

सरांचा जीव मात्र विश्रामबागवाड्यात. तुळशीबागेच्या गर्दीतून आम्हाला तिथे न्यायचे आणि सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब दाखवत भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात, लेक्चर द्यायचे. बाजीरावाने हौसेने बांधलेल्या या वाड्यात 1821 मध्ये कमिशनर चॅप्लिनने संस्कृत पाठशाळा काढली, खर्च पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा द्यायचे त्याच फंडातून! त्याच पाठशाळेचं पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं. 1879 च्या जाळपोळीत पेशव्यांचाच बुधवारवाडा पार गेला, विश्रामबागचाही भाग जळला, पण तो लोकवर्गणीतून परत उभा केला. नंतर 1930 पासून जवळजवळ तीस वर्षं नगरपालिकेचं, मग महापालिकेचं ऑफिस तिथेच. आमच्या वेळी खाली पोस्ट होतं, मी तिथे राखीची पाकिटं टाकलीयत.

काही जणांना वाटतं ऑफिसं घालून वाड्याची शोभा गेली. मला नाही पटत. रोज कुणीतरी गळकं कौल बघत होतं, झाडलोट होत होती, म्हणून लाकूड टिकलं. नुसतं कुलूप घातलं असतं तर वाळवीने कधीच निकाल लावला असता.

सुवर्णमहोत्सवाला बाहेरगावहून येणाऱ्यांनी शनिवारवाड्यासमोर सेल्फी काढाच, पण बाजीराव रोडवर विश्रामबागवाड्याकडेही एक चक्कर मारा, फक्त गाडी आणू नका, पार्किंग मिळणार नाही.