वाईच्या वाड्यातला भिंतीतला खांब

वाईत कृष्णाकाठच्या एका दुमजली वाड्याची पाहणी होती. माडीची जमीन एका कोपऱ्यात दोन इंच खचलेली, खालच्या भिंतीला उभा तडा. भिंत पाडून तिथे आरसीसी कॉलम घ्यायचा, असं कंत्राटदाराने ठरवूनच टाकलं होतं.

वाड्यात आधी खण, म्हणजे दोन खांबांमधले गाळे, मोजायचे, भिंत मग. चौकाकडचे खांब दिसतात, पण बाहेरच्या भिंतीतही तेवढेच खांब असतात, पांढऱ्या मातीच्या भेंड्यांत, म्हणजे कच्च्या विटांत, झाकलेले. ओसरीच्या खांबांवरून सरळ दोरी धरली, तर तडा नेमका एका खांबाच्या जागी. माडीचं ओझं खांब, त्यांवरच्या तुळया आणि तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडी कड्या वाहतात. भेंड्यांची भिंत ही बहुतांशी भर. ती पाडून दुखणं जाणार नव्हतं.

बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. तो उकलून आतल्या खांबाला दाभण टोचून बघितलं, तर जोत्यालगत ते तीन इंच आत गेलं. वरचं सागवान मात्र खणखणीत. खांबाचा पाय ओलीपासून उचलायलाच खाली दगडी तळखडा असतो. इथे थरावर थर चढून रस्ता वर आला, तळखडा गाडला गेला आणि चढलेली ओल सिमेंटने कोंडली. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून गेली असती. (मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात सगळे भित्तिचित्रं बघतात, मी तळखडे बघायला सांगतो.)

कॉलमला माझा विरोध होता. खांबाच्या डोक्यावरचं कुसू तुळईच्या भोकात बसलेलं असतं, ते धक्क्यात थोडं हलू शकतं. ताठ कॉलम त्याच्याबरोबर हलत नाही, आणि हा १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसलेला जिल्हा आहे.

मग तुळईखाली दोन्ही बाजूंनी टेकू, आणि स्क्रू जॅकने दिवसाला एक-दोन मिलिमीटरच उचल. घाई केली तर कुसू चिरतं. कुजका पाय कापून जुन्या सागाचा तुकडा जोडायचा. खांब सात इंची, म्हणून अर्ध्या जाडीचा सांधा (दोन्ही तुकडे निम्मे कापून एकमेकांवर बसवलेला) निदान दुप्पट, चौदा इंच लांब, त्यात आरपार बोल्ट. गिलावा चुना एक, वाळू तीन.

रस्त्याची पातळी आमच्या हातात नव्हती. म्हणून भिंतीलगत उताराचा चर खणून खडी भरायला सांगितली, आणि त्याच भिंतीतले बाकीचे खांब पावसाळ्याआधी उघडून बघायला.