बंब पोहोचण्याआधीची दहा मिनिटे

१४ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या अग्निशमन सेवा सप्ताहात मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांमध्ये मॉक ड्रिल होते. घंटा वाजते, मुले जिन्याने मैदानात उतरतात, एका पत्र्याच्या ट्रेमध्ये आग पेटवून ती विझवून दाखवली जाते आणि अहवालासाठी छायाचित्रे काढली जातात. हा सप्ताह १९४४ च्या याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटांच्या आणि त्यांत प्राण गमावलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ पाळला जातो. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही भरलेल्या होत्या. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या दुर्घटनेतला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण जे पदार्थ एकमेकांजवळ कधीही असू नयेत ते जागेच्या सोयीसाठी एकत्र ठेवण्याची सवय आपल्या प्रयोगशाळांच्या स्टोअरमध्ये आजही दिसते.

बाटली चटकन सापडावी म्हणून रसायने इंग्रजी वर्णक्रमाने लावली की हायड्रॅझिन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच फळीवर येतात. ही दोन्ही द्रव्ये तीव्र स्वरूपात एकत्र आली तर ठिणगीशिवायही पेटतात. अ‍ॅसिटोनपासून थोड्याच अंतरावर अमोनियम नायट्रेट येते, म्हणजे ज्वलनशील द्रावकाच्या शेजारी आगीला ऑक्सिजन पुरवणारे संयुग. आम्ले, अल्कली, ज्वलनशील द्रावके, ऑक्सिडीकारक आणि पाण्याशी अभिक्रिया करणारे धातू असे गट पाडून प्रत्येकाला वेगळे कपाट देणे, हे आपत्कालीन तयारीतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी निविदा काढावी लागत नाही, दोन दिवस आणि दोन जबाबदार माणसे लागतात.

मुंबईचे हवामान या कामात स्वतःची भर घालते. डायएथिल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते आणि मे महिन्यात बंद स्टोअरचे तापमान तिथपर्यंत सहज जाते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरत दूरच्या बर्नरपर्यंत पोहोचू शकते. शिवाय उघडलेल्या बाटलीत कालांतराने स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात, म्हणून बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहिणे अत्यावश्यक आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड कोलमडून मुंबईची वीज गेली, तसे पुन्हा झाले तर फ्यूम हूडचा, म्हणजे घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या काचेच्या कपाटाचा, पंखा थांबेल आणि आत चाललेल्या प्रयोगाची वाफ खोलीत येऊ लागेल. अशा वेळी उष्णता बंद करायची, हूडची काच खाली ओढायची आणि खोली सोडायची, ही तीन कामे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवली पाहिजेत.

पावसाचा विचार तर अगदी मुळापासून करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठी नदीच्या आजूबाजूचा कलिना, कुर्ला हा सारा परिसर पाण्याखाली गेला. ज्या शहराने हे पाहिले आहे, तिथे पाणी लागताच पेट घेणाऱ्या सोडियमचा डबा तळमजल्याच्या खालच्या फळीवर ठेवता येत नाही. दुसरीकडे, आम्लाची जड काचेची बाटली डोळ्यांच्या पातळीच्या वरही ठेवता येत नाही, कारण ती उतरवताना हातातून निसटली तर चेहऱ्यावर येते. म्हणून कोणते रसायन कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या उंचीवर असावे, याचा निर्णय इमारत बघूनच घ्यावा लागतो. जनरेटर आणि मुख्य विद्युत पॅनेल तळघरात असेल तर त्याची जागा बदलण्याचा खर्च मोठा आहे, तरीही तो टाळू नये.

मात्र मला सर्वाधिक काळजी वाटते ती माणसांची. अपघात वेळापत्रक पाळत नाहीत. २९ डिसेंबर २००८ रोजी, सुटीच्या काळात, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरी संगजी ही २३ वर्षांची संशोधन सहायक टर्शरी ब्यूटिल लिथियम सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निघाला, हवा लागताच द्रव पेटले आणि तिच्या अंगावरच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. अंगावर लॅब कोट नव्हता आणि आपत्कालीन शॉवर असूनही तिला त्याखाली नेले गेले नाही. १६ जानेवारी २००९ रोजी तिचा मृत्यू झाला. या घटनेला बरोबर एक वर्ष होत असताना, २९ डिसेंबर २००९ रोजी, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक गेले. शॉवर बसवलेला असणे आणि जवळच्या माणसाचा हात आपोआप त्याच्या साखळीकडे जाणे यांत जे अंतर आहे, ते फक्त सरावाने कमी होते. डोळ्यात रसायन गेले तर १५ मिनिटे सलग पाणी मारायचे असते, पण जळजळ कमी होताच बहुतेक जण नळ बंद करतात. ज्या दिवशी गच्चीवरची टाकी साफ करण्यासाठी रिकामी केली जाते, त्या दिवशी प्रयोग बंद ठेवले पाहिजेत, ही साधी गोष्टही लेखी नियमात असायला हवी.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते आवश्यकच आहे, पण त्यातून अग्निशामके आणि पाण्याच्या नळ्यांची स्थिती कळते, तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात काय आहे ते कळत नाही. ते प्राध्यापकांना ठाऊक असते, जे रात्री नऊ वाजता लोकलमध्ये असतात. इमारतीत उरतात ते संशोधक विद्यार्थी, एखादे प्रयोगशाळा परिचर आणि फाटकावरचे वॉचमन. प्रशिक्षणाच्या यादीत मात्र हेच लोक शेवटी येतात किंवा येतच नाहीत, आणि ही मला या विषयातली सर्वांत गंभीर त्रुटी वाटते. द्रवरूप नायट्रोजन सांडलेल्या बंद खोलीत कुणी पडलेले दिसले तर मदतीला धावणारा वॉचमनही तिथेच कोसळू शकतो, कारण एक लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि खोलीतला ऑक्सिजन घटतो. पेटलेल्या सोडियमवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड चालत नाही, कोरडी वाळू लागते. त्यामुळे वाळूच्या लाल बादल्यांत चहाचे कप टाकले जाणार नाहीत याकडेही कुणाचे तरी लक्ष असले पाहिजे.

म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, ठळक अक्षरांत मराठीत आणि हिंदीत एक पान असावे. आत कोणती घातक रसायने व सिलिंडर आहेत, कशावर पाणी मारू नये, मेन स्विच आणि गॅसचा व्हॉल्व्ह कुठे आहे, आणि रात्री कुणाला फोन करायचा, एवढे त्यावर पुरे. त्याची एक प्रत फाटकावरच्या चौकीत हवी आणि सत्र बदलले की दोन्ही प्रती बदलायला हव्यात. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले जात असेल तर त्याने भाजलेल्या जागी लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवले आहे तेही लिहावे. जखमीबरोबर जाणाऱ्याने रसायनाचे नाव कागदावर लिहून नेले, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांची मोलाची मिनिटे वाचतात.

फोन १०१ किंवा ११२ वर करावा, रुग्णवाहिकेसाठी १०८ वर आणि पूरस्थितीत महापालिकेच्या १९१६ वर. आवारात दोन-तीन फाटके असतील तर बंबाने कोणत्या फाटकातून यायचे ते सांगावे, त्या फाटकापासून इमारतीपर्यंतच्या रस्त्यावरच्या दुचाकी हलवाव्यात आणि चौकीतले ते पान हातात घेऊन एका माणसाने फाटकावर उभे राहावे.