सी हॉक, १:७२ : पावसाळ्यातलं काम

सी हॉक या नौदलाच्या जुन्या जेट विमानाचं, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं मॉडेल मी करतोय. गेल्या वेळी फ्युजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन भाग जोडून सांध्यात पुट्टी भरण्यापर्यंत आलो होतो. त्याला दोन महिने झाले, आणि त्यातले तीन आठवडे पावसाने खाल्ले. जुलैत वास्कोत भिंतीला हात लावला तरी ओला होतो. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावरच बसते, म्हणून लॅकरचा पहिला थर पाच मिनिटांत दुधाळ झाला. सगळा घासून काढला. मग उरलेल्या प्लायची एक पेटी केली, आत ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब. फवारण्याआधी भाग अर्धा तास पेटीत, फवारल्यावर रात्रभर. बल्बपासून निदान वीतभर लांब ठेवा, जुनं प्लास्टिक उष्णतेनं वाकतं. त्यानंतर साय धरली नाही.

किट जुनं आहे, ब्रिटिश साच्याचं, अंगभर उठावाचे रिव्हेट. एकेक रिव्हेट साधारण ०.३ मिमीचा. ७२ने गुणा, खऱ्या विमानावर तो रुपयाच्या नाण्याएवढा होईल! तरी सगळे साफ करायला माझं मन झालं नाही. ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून इतकंच घासलं की बोटाला लागत नाहीत, पण तिरप्या उजेडात दिसतात. पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, मात्र नव्याने कोरल्या, जाड टेपची कड धरून, शिवणाच्या सुईनं. नाकात वजन हवंच, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. मासळी बाजाराजवळ जाळ्याला लावायचे शिशाचे मणी मिळतात, ते ठोकून चपटे केले आणि कॉकपिटच्या पुढे-मागे दडवले.

आता मुख्य गोष्ट, वेदरिंग, म्हणजे विमान वापरलेलं, मळलेलं दिसावं म्हणून करायचं रंगकाम. बोगमाळ्याच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय १९९८पासून आहे, आणि तिथल्या सी हॉकचे फोटो मी पोत्याने काढलेत. त्यांच्यावरून पहिलं वेदरिंग केलं आणि ते चुकलं. काय चुकलं ते समजायला आठवडा लागला. संग्रहालयातलं विमान उघड्यावर उभं असतं, पाऊस वरून पडतो, म्हणून मळाचे ओघळ सरळ खाली येतात. उडणाऱ्या विमानाचं तेल आणि काजळी वाऱ्याबरोबर मागे ओढली जाते. मी बाजूंवर सुंदर उभे ओघळ काढले होते, आणि माझं विमान वर्षानुवर्षं जागचं हललं नसल्यासारखं दिसत होतं. मला हवं होतं ते ३०० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचं, ४ डिसेंबर १९७१ला विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर तुटून पडलेल्या सी हॉकपैकी, पुढच्या वर्षी दाबोळीच्या तळावर परतलेलं. कामाचं विमान.

आमच्या वाड्यावर एक काका राहतात, नौदलात विमानांच्या देखभालीवर होते. त्यांना मॉडेल दाखवायला नेलं. चष्मा लावून त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "अरे, हे धुतलं नाही वाटतं कोणी?" समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्यानं धुतलंच जायचं, मीठ राहू द्यायचं नाही, हा त्यांच्या लेखी पहिला नियम. रंग कुठे जायचा, तेही सांगितलं : पंखाच्या पुढच्या कडेला, आणि रोज उघडायच्या झाकणांच्या स्क्रूंभोवती, जिथे स्क्रूड्रायव्हर घसरायचा. गंज आणि पापुद्र्यांचं त्यांनी नावही काढलं नाही.

घरी येऊन टर्पेंटाइनने सगळे ओघळ पुसले. खाली ग्लॉस कोट होता म्हणून रंग वाचला. दुसऱ्या फेरीला ऑइल कलर आधी तासभर पुठ्ठ्यावर काढून ठेवले. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, मग या दमट हवेतही रंग दोन दिवसांत वाळतो आणि चकाकत नाही. पोटाखाली, ‘स्काय’ नावाच्या फिक्या हिरवट रंगावर, बर्न्ट अंबर आणि काळा यांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके, आणि जवळजवळ कोरड्या चपट्या ब्रशने प्रत्येक ठिपका मागे ओढलेला. नाकाखालच्या चार तोफांमागे आखूड, करडे फराटे. सी हॉकच्या जेटचा धूर शेपटीतून निघत नाही, दोन्ही पंखांच्या मुळापाशी बाहेर पडतो, म्हणून काजळी तिथून मागे फ्युजलाजच्या अंगाला. समईची काजळी लावून पाहिली, पण ती तेलकट, बोटाला लागत राहते. काळ्या पेस्टल खडूची पूड मॅट कोटवर चांगली धरते. वरचा गडद करडा डबीतून थेट मारला तर एवढ्याशा मॉडेलवर काळाच दिसतो. दहा थेंबांना एक थेंब पांढरा घातला.

पंखाच्या कडेला चंदेरी दिसावं म्हणून मिठाची युक्ती : चंदेरी थरावर मीठ पेरायचं, वरून करडा फवारायचा, मीठ घासून काढलं की खालचं चंदेरी उघडं पडतं. आगरातलं जाडं मीठ घरात होतंच. पण त्याचा खडा २ मिमीचा, म्हणजे खऱ्या विमानावर चौदा सेंटिमीटरचा पापुद्रा. खलबत्त्यात कुटून चहाच्या गाळणीतून चाळलं. चंदेरी थरावर पाण्याचं बोट फिरवून ते पेरलं, तर करडा रंग मारायच्या आतच विरघळून गेलं! आगराच्या मिठाला पावसात पाणी सुटतं हे आमच्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. दुसऱ्यांदा पेरल्याबरोबर पेटीत ठेवलं, वाळल्याक्षणी फवारलं. मग अंगठ्याने घासून गोड्या पाण्याखाली धरलं, आणि पंखाच्या कडेवर चंदेरी इतकी बारीक उघडी पडली की भिंगाखालीच नीट दिसते. मला एवढीच हवी होती.

टायरना चिऱ्याच्या धुळीचा तांबूस हात दिलाय, अगदी हलका. जहाजाच्या डेकवर ती नसती, दाबोळीच्या पठारावर असणारच.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि अक्षरं, अजून लागायचे आहेत. कागद पिवळा पडलाय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवलाय, उन्हाने पिवळेपणा उतरतो. गेल्या दहा दिवसांत मिळून दोन तास ऊन आलं. चतुर्थीनंतर उघडीप पडली की लावीन. कागद जुना आहे, तडकू नये म्हणून आधी क्लिअर वार्निशचा एक थर देईन, आणि कडेच्या नको असलेल्या अक्षरावर पाण्याची चाचणी घेईन.