अप्रूव्ह्ड

पुण्यात खराडीला आमच्या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं ऑफिस होतं, तिथला तो मंगळवार डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय. 2023 चा ऑगस्ट. शाळा सुरू होऊन बराच काळ झालेला, लॉकडाऊनमधली ऑनलाइन क्लासची गर्दी ओसरलेली, फंडिंग आटलेलं आणि आमचे दोन महिन्यांचे पगार थकलेले. पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसायचा पण पासबुकात एप्रिलनंतर एंट्रीच नाही. तरी मीटिंगमध्ये वरचे लोक ‘आपण फॅमिली आहोत’ म्हणायचे, त्या शब्दाचा मला अजून राग येतो.

मी रिफंड डेस्कवर. लोकांना वाटतं रिफंड म्हणजे पालकाच्या खात्यात पैसे परत. तसं नसतं. बहुतेकांनी कोर्स कर्जावर घेतलेला असतो. फायनान्स कंपनी व्याज आधीच कापून सगळी रक्कम आम्हाला एकदम देते, ती कधीच खर्च होऊन जाते, आणि पालक महिन्याला जो हप्ता भरतो तो आम्हाला नाही, त्या फायनान्स कंपनीला. म्हणून शिकवणारे सोडून गेले, क्लास बंद पडला तरी हप्ता कापला जातोच. कर्ज बंद करायचं तर आम्ही त्यांचे पैसे परत द्यायला हवेत आणि ते तर नव्हतेच. मग आम्ही काय करायचो, टिकट, म्हणजे पालकाची सिस्टिममधली तक्रार, ‘अप्रूव्ह्ड’ करायचो. तसं केलं की पालकाला मेल जातो, डॅशबोर्डवरचं लाल हिरवं होतं आणि केस अकाउंट्सच्या रांगेत जाऊन पडते. त्या रांगेतून पैसे निघालेले मी शेवटचे मे महिन्यात पाहिले.

त्या दिवशी बार्शीहून रात्रीच्या एसटीनं एक काका आले. टेलरिंगचं दुकान, मुलगी आठवीत, गणित-विज्ञानाचा कोर्स 48,000 चा, 2,000 चे 24 हप्ते. नऊ भरले, दहावा बाऊन्स झाला तर बँकेनं वरून 590 कापले. त्यांनी पिशवीतून कोर्सचा टॅब काढला. त्याला स्वतः अस्तर लावून कव्हर शिवलेलं, चार्जरला वेगळा कप्पा. म्हणाले, “ताई, एक चरा पडू दिला नाही. हा ठेवून घ्या आन् फी बंद करा.”

फी म्हणत होते. हे कर्ज आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

मी त्यांचा सेल्स कॉल काढून ऐकला. 47 मिनिटांत ‘लोन’ हा शब्द एकदाही नाही, सगळीकडे ‘मंथली फी’. ओटीपी दोनदा मागितला, दोन्ही वेळा ‘व्हेरिफिकेशनसाठी’. पहिला कर्जाच्या कराराचा होता, दुसरा खात्यातून हप्ता कापायच्या परवानगीचा. मधे काका म्हणतात माझ्याकडं ईमेल नाही, तर आमचा सेल्सचा मुलगा म्हणतो मी बनवून देतो, आणि बोलता बोलता बनवतो, पासवर्डही स्वतःच टाकतो. कर्जाची सगळी कागदपत्रं त्या ईमेलवर गेलेली, जो कुणीच कधी उघडला नाही. आणि त्याच ईमेलवर 14 जूनचा आमचाही मेल, रिफंड अप्रूव्ह्ड. कुणी केलं म्हणून हिस्टरी उघडली तर लॉगिन माझं होतं. मला ती केस आठवतही नव्हती.

त्या सेल्सच्या मुलाला मी ओळखायचे. नांदेडचा, बीएस्सी झालेला, तिघांत एक खोली, टार्गेट चुकलं की रविवारीही ऑफिस. तो लबाड नव्हता, त्याला शिकवलंच तसं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांपैकी एकानंही कधी पालकाचं तोंड पाहिलेलं नाही. आणि पालकांनाही हात जोडून सांगते, ओटीपी म्हणजे सही आहे हो, फोनवर सांगू नका.

ऑफिसचे भाड्याचे प्रिंटर परत गेले होते म्हणून अप्रूव्हलचं पत्र मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलं. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून दिलं: हे जोडून फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, कॉलचं रेकॉर्डिंग मागा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, ग्राहक हेल्पलाइन 1915. नुसता हप्ता थांबवू नका, सिबिल खराब होईल, हेही समजावलं. सिस्टिममध्ये ईमेल बदलून त्यांच्या पुतण्याचा टाकला.

रेकॉर्डिंग मात्र मी दिलं नाही. मोबाईलवर पाठवायला दोन मिनिटं लागली असती. पण डेटा बाहेर गेला म्हणून माझेच थकलेले पगार अडकवले असते, घरी हप्ते माझेही होते. खरा पुरावा तोच होता, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

टॅब मी घेऊ शकले नाही, पोचपावती द्यायला स्टोअरमध्ये माणूसच उरला नव्हता. काकांनी तो परत कव्हरमध्ये घातला, नाडी बांधली आणि विचारलं, यात उतरवून घेतलेले धडे पोरीला दिसतील ना. म्हटलं, दिसतील.

पुढच्या शुक्रवारी माझं लॉगिन बंद झालं.