आमची वाटचाल: परतीची वही

सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० पासून, बडोदा राज्यात गावोगावी वाचनालयं उभी राहिली. त्या वाचनालयांची पुस्तकं बांधत आजोबांनी दांडिया बाजारात बाइंडिंगचा धंदा सुरू केला. पुढे बाबांनी दिवाळीच्या चोपड्यांवर घर चालवलं. २०१६ मध्ये दुकान माझ्याकडे आलं, पुढच्याच वर्षी जीएसटी लागू झाला, व्यापाऱ्यांचे हिशेब कॉम्प्युटरवर गेले आणि चोपडे पूजेपुरते उरले.

त्याच सुमारास जवळच एकाने गोंद लावणारं मशीन आणलं. दोन वर्षं माझं सगळं लक्ष त्याच्या दराकडे. तो पाच रुपये उतरला की मी सहा उतरायची. जुजबंदी, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे दोऱ्याने एकमेकांना शिवणं, सोडली, चिकटवायची खळ पातळ केली.

मग एका पावसाळ्यात जुन्या गिऱ्हाईकाची चाळीस रजिस्टरं परत आली. पुठ्ठे वाकलेले, पानं मिटून ठेवली तरी फुगलेली. मी सगळ्यांदेखत कामावरच्या पोरांना बोलले. आमचे जुने कारागीर, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, काही न बोलता त्याच कागदाचा एक ताव घेऊन आले. एका बाजूने फाडला, सरळ फाटला. दुसऱ्या बाजूने फाडला, वेडावाकडा. "बेन, ग्रेन कण्याला समांतर हवा. हा आडवा कापलाय." ग्रेन म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. ताव वाचवायला आडवं कापायचं मीच सांगितलं होतं. दमट हवेत कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने फुगतो, हे बाबांनी मला शाळेत असतानाच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरांची माफी मागितली आणि 'परतीची वही' घातली. तारीख, माल, दोष, आणि शेवटचा रकाना: निर्णय कोणाचा. पहिल्या वर्षी एकेचाळीस नोंदी झाल्या, त्यातल्या सतरांपुढे माझं नाव. ते वाचताना घशाशी येत होतं, पण वाचलं, सगळ्यांसमोर, दर महिनाअखेर. शेजारच्या दराची चौकशी तेव्हापासून बंद. गेल्या वर्षीचा हाच महिना आणि यंदाचा, एवढंच पाहतो. जुजबंदी परत आली, दर वाढवले. काही गिऱ्हाइकं गेली, ती गेलीच. आता युनिव्हर्सिटीचे थिसिस आणि जुन्या पोथ्यांची दुरुस्ती यावर आमचं बरं चाललंय.

मागच्या महिन्यात एकच नोंद आहे. थिसिसच्या कण्यावरची सोनेरी अक्षरं तिरकी बसली. मी वही उघडली तेव्हा शेवटच्या रकान्यात आमच्या सर्वांत लहान कारागिराने स्वतःचं नाव आधीच लिहून ठेवलेलं होतं.